पावसाळ्याआडचा पक्षी
लगामी सुरयाच्या शोधाचा इतिहास

जूनच्या मध्यावर रायगड जिल्ह्यातल्या शाळा सुरू होतात. त्याच सुमारास नैर्ऋत्य मोसमी वारा जोर धरतो, होड्या वाळूवर ओढून झापांनी झाकल्या जातात आणि किनाऱ्यावरची गावे समुद्राकडे पाठ फिरवून शेतीच्या कामाला लागतात. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीबंदी असते. त्यापूर्वीच्या पिढ्यांतही नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याची रीत होतीच. नेमक्या याच दिवसांत, जोराच्या वाऱ्यानंतर, मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या किनाऱ्यावर कधी कधी एखादा अनोळखी पक्षी थकून बसलेला आढळतो. बगळा नाही, घार नाही, हिवाळ्यात दिसणारा कुरवही नाही. माणूस जवळ आला तरी तो उडत नाही. मुले त्याला पाणी पाजू पाहतात, मोठी माणसे त्याला पुन्हा लाटांत सोडू पाहतात, आणि बहुधा तो दुसऱ्या दिवशी मरतो.

हा पक्षी कोण, कुठला आणि इथे कसा आला, या प्रश्नांची उत्तरे मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्याला इतका वेळ का लागला, हाच या लेखाचा विषय आहे. आम्ही त्यासाठी एकच पक्षी निवडला आहे. त्याची वीण महाराष्ट्राच्या हद्दीतल्या खडकांवर होते, तरीही आपल्यातल्या बहुतेकांनी त्याला पाहिलेले नाही.

ओळख

सुरय हे कुरवांचे सडपातळ भाईबंद. लांब टोकदार पंख, दुभंगलेली शेपटी, सरळ निमुळती चोच. यांतल्या काही जाती नद्यांवर व खाड्यांवर राहतात. आपला पक्षी मात्र खुल्या समुद्राचा. त्याच्या पांढऱ्या कपाळाखालून, चोचीपासून डोळ्यापर्यंत एक काळी पट्टी जाते. ती घोड्याच्या लगामासारखी दिसते म्हणून त्याचे इंग्रजी नाव पडले. आम्ही इथे त्याला लगामी सुरय म्हणू. पाठ व पंख करडे-तपकिरी, पोट पांढरे, डोके काळे, लांबी सुमारे ३० सेंटिमीटर, वजन जेमतेम सव्वाशे ग्रॅम. म्हणजे एका मध्यम आकाराच्या आंब्यापेक्षाही तो हलका.

त्याचा जवळचा नातेवाईक काजळी सुरय. तो थोडा मोठा आणि पाठीवर जवळजवळ काळा असतो. दोघांत फरक ओळखायची खूण कपाळावर आहे. लगामी सुरयाची पांढरी पट्टी भुवईसारखी डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, काजळी सुरयाची डोळ्यापाशीच थांबते.

लगामी सुरय पाण्यात खोल सूर मारत नाही. तो पृष्ठभागावरून उडता उडता लहान मासे व इतर जीव चोचीने टिपतो. वाहत आलेला ओंडका किंवा फळी मिळाली तर तिच्यावर बसून विश्रांती घेतो. समुद्री कासवाच्या पाठीवर बसलेले लगामी सुरयही खलाशांनी पाहिले आहेत. काजळी सुरयाला ही सवय नाही आणि त्याची पिसे पाण्यात लवकर भिजतात. म्हणून घरट्यातून निघालेले त्याचे पिल्लू कित्येक वर्षे जमिनीवर न उतरता, बहुतांश काळ हवेतच काढते.

मग ही पाखरे गोडे पाणी कुठून पितात? वर्गात हमखास येणारा हा प्रश्न १९५७च्या सुमारास नूट श्मिट-नील्सन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने सोडवला. समुद्रपक्ष्यांच्या डोळ्यांच्या वर दोन ग्रंथी असतात. रक्तातले जादा मीठ त्या वेगळे काढतात आणि ते द्रावण नाकपुड्यांतून, चोचीवरून ठिबकते. कुरवांमध्ये या द्रावणात सुमारे ५ टक्के मीठ आढळते. समुद्राच्या पाण्यात क्षारांचे प्रमाण साधारण साडेतीन टक्के असते. म्हणजे पक्षी खारे पाणी पिऊन त्याहून खारट द्रव बाहेर टाकतो, आणि शरीराला शुद्ध पाणी शिल्लक राहते.

नावातला अन्याय

या पक्ष्याचे शास्त्रीय नाव ऑनिकोप्रिऑन ॲनीथेटस. इटालियन निसर्गशास्त्रज्ञ स्कोपोली याने १७८६ साली, फिलिपाइन्समधल्या पनाय बेटावरच्या पक्ष्याच्या आधारे, त्याला जातिनाम दिले. त्याला लिहायचा होता तो शब्द ‘ॲनीस्थेटस’, म्हणजे बधिर, मंद. छपाईत एक अक्षर गळले. पण प्राणिनामांच्या नियमानुसार मूळ छापील रूपच कायम राहते, त्यामुळे दोनशेहून अधिक वर्षे ती चूक तशीच चालत आली आहे.

अक्षर गळले, पण आरोप राहिला. तो एकट्या लगामी सुरयावरच नाही. ‘नॉडी’ नावाच्या तपकिरी समुद्रपक्ष्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ भोळसट, आणि त्याचे शास्त्रीय नाव ‘ॲनूस’ म्हणजे बुद्धिहीन. ‘बूबी’ हे नाव स्पॅनिश भाषेतल्या मूर्ख या अर्थाच्या शब्दावरून आले. बेटांवर उतरणारे खलाशी घरट्यावरचे हे पक्षी हातांनी उचलत आणि म्हणत, किती मूर्ख!

खरे कारण वेगळे आहे. मांजर, उंदीर, मुंगूस, माणूस यांपैकी कोणीच ज्या बेटावर हजारो वर्षे नव्हते, तिथे जमिनीवरच्या शत्रूला भिण्याची सवय लागण्याचे कारणच नव्हते. समुद्रपक्ष्यांनी दूरची, निर्जन बेटे निवडली ती याच सुरक्षिततेसाठी. रायगडच्या समुद्रातली बेटे पाहिली म्हणजे हे लक्षात येईल. खांदेरीवर १६७९ साली शिवाजी महाराजांनी किल्ला उभारायला घेतला, लगेच शेजारच्या उंदेरीवर सिद्दीने ठाण मांडले. मुरूडसमोर जंजिरा आणि पद्मदुर्ग आहेत. ही बेटे किनाऱ्याच्या अगदी जवळची, माणसांच्या वावरातली. माणसाला सोयीचे बेट सुरयाला गैरसोयीचे. त्याला हवा तो खडक आपल्याला दक्षिणेकडे, सिंधुदुर्गाच्या समुद्रात सापडतो.

वेंगुर्ल्याचे खडक

वेंगुर्ल्याच्या वायव्येला, निवतीसमोर, खुल्या समुद्रात खडकांचा एक समूह आहे. नकाशात त्याला वेंगुर्ला रॉक्स म्हणतात आणि त्यातल्या एका बेटाला बर्न्ट आयलंड. तिथे दीपगृह आहे. तिथल्या गुहांमध्ये एका जातीच्या पाकोळ्या लाळेपासून घरटी बनवतात. चिनी स्वयंपाकात त्यांना मोठी किंमत असल्याने ती घरटी गोळा करण्याचा व्यवसाय जुना आहे. अर्थात ती गोळा केली जात समुद्र शांत असताना, पावसाळ्यापूर्वी.

१८७५ च्या फेब्रुवारीत या खडकांवर ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम उतरले. १८८५ साली मुंबईत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरवण्यात पुढाकार घेणारे म्हणून त्यांचे नाव आपण इतिहासात शिकवतो. पण त्याआधी ते भारतातले अग्रगण्य पक्षीअभ्यासक होते. १८७२ साली त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्षीविषयक नियतकालिक सुरू केले. देशभरच्या हौशी अधिकाऱ्यांना त्यांनी एकच शिकवण दिली: पक्ष्याच्या नमुन्यावर तारीख आणि ठिकाण लिहा. ‘क्लाइड’ या सागरी सर्वेक्षणाच्या जहाजातून ते पश्चिम किनाऱ्याने लक्षद्वीपकडे निघाले होते, त्या वाटेवर हे खडक होते. प्रवासाचा वृत्तान्त १८७६ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये आला.

फेब्रुवारीत समुद्र शांत असतो, खडकावर उतरता येते. परंतु सुरयांची वीण तेव्हा कधीच संपलेली असते. ह्यूमना तिथे मिळाले ते मागच्या विणीचे वाळलेले अवशेष. त्यांवरून त्यांनी इथे लगामी सुरयांची मोठी वसाहत असते हे ओळखले. उत्सव आटोपल्यावर मांडवात पोचलेल्या माणसाने पत्रावळी पाहून पंगतीचा अंदाज बांधावा, तसे हे होते. अंदाज बरोबर होता. पण अंडे किती दिवस उबवतात, पिल्लांना कोण भरवते, ती कधी उडतात, यातले काही त्या अवशेषांत वाचता येण्याजोगे नव्हते.

कोकणातल्या पक्ष्यांवर त्याच काळात आणखी एका अधिकाऱ्याने काम केले. मुलकी सेवेतल्या जी. डब्ल्यू. व्हिडाल यांनी १८८० साली दक्षिण कोकणच्या पक्ष्यांची पहिली यादी ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये छापली. किनाऱ्यावरच्या झाडांवर घरटी करणाऱ्या समुद्री गरुडाविषयी त्यांनी बारकाईने लिहिले. झाडावरचे घरटे जमिनीवरून पाहता येते. खवळलेल्या समुद्रातला खडक तसा पाहता येत नाही.

किहीमची सुगरण आणि समुद्रातला सुरय

हा फरक किती मोठा होता ते रायगडातल्याच, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, एका प्रसिद्ध उदाहरणाने स्पष्ट होते. १९३० साली नोकरी गेलेले सालिम अली अलिबागजवळच्या किहीम इथे राहत होते. पावसाळ्यात घराजवळ सुगरणींची वसाहत होती. त्यांनी रोज बसून नोंदी घेतल्या आणि सुगरणीच्या संसाराचे कोडे उलगडले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते तपासून पसंत करते, मग नर ते पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे बांधायला घेतो. एक माणूस, एक वही आणि एक पावसाळा एवढ्यावर हे संशोधन झाले.

त्याच किनाऱ्यालगतच्या समुद्रात, त्याच मोसमात, सुरयांचाही संसार चालू होता. तो पाहायला वही पुरेशी नव्हती. मोसमी वाऱ्यात जाणारी होडी, निसरड्या खडकावर उतरण्याची हिंमत आणि परत आणणारा तांडेल, हे सारे हवे होते. जमिनीवरचा पक्षी त्यामुळे घराघरांत पोचला आणि समुद्रावरचा अनोळखी राहिला.

वेंगुर्ल्याच्या खडकांकडे पुन्हा लक्ष वळवले हुमायून अब्दुलअली यांनी. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते पुढे अनेक वर्षे मानद सचिव होते. १९४० आणि १९४२ साली सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांनी तिथल्या पाकोळ्या व सुरय यांच्यावर टिपणे लिहिली. ह्यूमनंतर पासष्ट वर्षांनी! एका देशाच्या मुख्य किनाऱ्यावरच्या इतक्या महत्त्वाच्या वसाहतीविषयीची दोन मोठी लिखाणे एवढ्या अंतराने यावीत, यातच सारे आले.

पंचांग कोण ठरवते?

लगामी सुरय एका विणीत एकच अंडे घालतो. ते उघड्यावर नसते. कपारीत, पुढे आलेल्या दगडाखाली किंवा झुडपाच्या आडोशाला असते. उन्हाने तापलेल्या खडकावर सावली हीच अंड्याची पहिली गरज. नर-मादी पाळीपाळीने साधारण महिनाभर ते उबवतात, आणि पिल्लू उडू लागायला आणखी सुमारे दोन महिने जातात. म्हणजे एका पिल्लासाठी तीन महिने खडक आणि समुद्र यांच्यात फेऱ्या.

मग या तीन महिन्यांसाठी उन्हाळ्याच्या अखेरीपासूनचा वादळी काळच का? आपल्याला पावसाळा हा समुद्राचा वाईट काळ वाटतो. माशांच्या दृष्टीने तो सुगीचा. नैर्ऋत्य वाऱ्यांमुळे सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यांजवळ, तसेच भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ, तळाचे थंड व पोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यांवर प्लवक प्राणी व लहान मासे वाढतात. अरबी समुद्रातल्या अन्नाचे पंचांग असे वाऱ्याशी बांधलेले आहे.

ऋतूंचा असा धाक नसेल तर काय होते, हेही अभ्यासले गेले आहे. विषुववृत्ताजवळच्या सेशेल्स बेटांवर हाच लगामी सुरय दर आठ महिन्यांनी वीण करतो. अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावरचे काजळी सुरय सुमारे साडेनऊ महिन्यांनी परततात. तिथली हकिगत तर मोठी रंजक आहे. १९४२ साली दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने त्या बेटावर विमानतळ बांधला तो सुरयांच्या वसाहतीशेजारीच. धावपट्टीवरून उठणारे थवे विमानांना धोकादायक ठरू लागले, तेव्हा जेम्स चेपिन या पक्षीतज्ज्ञाला बोलावण्यात आले. सैनिकांनी आखलेल्या दुसऱ्या कोणत्याही उपायापेक्षा त्याचा सल्ला साधा होता: अंडी काढून टाका, पक्षी दुसरीकडे वीण करतील. तसेच झाले. चेपिनने पुढे या पक्ष्यांच्या ‘पंचांगा’वर १९५४ साली लेख लिहिला, आणि १९५७ ते १९५९ या काळात ब्रिटिश पक्षीशास्त्रज्ञांच्या मोहिमेने त्याचा सखोल अभ्यास केला.

परतीची वाट

किनाऱ्यावर सापडलेला सुरय घर हरवलेला असतो का? या प्रश्नाकडे जाणारा पहिला मोठा प्रयोग १९०७ साली फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांवर झाला. पुढे वर्तनवादाचा प्रवर्तक म्हणून गाजलेला मानसशास्त्रज्ञ जॉन बी. वॉटसन याने तिथे काजळी सुरय व नॉडी यांच्या सवयींचा अभ्यास केला. घरट्यावरचे काही पक्षी पकडून, त्यांच्यावर रंगाची खूण करून, पिंजऱ्यातून जहाजाने त्यांना हजारभर किलोमीटरहून दूर, केप हॅटरसजवळ सोडण्यात आले. उत्तरेकडे एवढ्या लांब या जाती सहसा जात नाहीत. म्हणजे वाट ओळखीची असण्याचा संभव फार कमी. तरीही त्यांतले काही पक्षी थोड्या दिवसांत आपापल्या घरट्यावर हजर झाले. त्यानंतर वॉटसन व लॅशली यांनी मेक्सिकोच्या आखातात असेच प्रयोग केले.

दिशा हरवल्यामुळे सुरय किनाऱ्याला लागतो असे म्हणूनच समजू नये. त्याची ताकद संपलेली असते. सलग काही दिवस वाऱ्याविरुद्ध उडताना अन्न मिळाले नाही, की सव्वाशे ग्रॅमच्या देहातली चरबी संपते, मग स्नायू झिजू लागतात, आणि वारा त्याला जमिनीकडे ढकलतो. पहिल्याच वर्षाची पिल्ले अशा वेळी जास्त बळी पडतात. लगामी व काजळी सुरय, नॉडी, बूबी असे खुल्या समुद्राचे पक्षी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मुख्यतः पावसाळ्यात सापडतात ते यामुळे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्याने माडा-सुपारीच्या बागा झोपवल्या तेव्हा समुद्रावरच्या या हलक्या जिवांवर काय प्रसंग आला असेल, याची कल्पना करता येते.

किनारा हीच वही

ह्यूम, व्हिडाल, अब्दुलअली यांच्या अडचणींचा विचार केला तर एक गोष्ट आमच्या ध्यानात येते. माणूस ज्या ऋतूत समुद्रावर जाऊ शकत होता, त्या ऋतूतले ज्ञान जमा झाले. उरलेले वर्षाआड, पिढ्याआड गेले. पक्षी दुर्मीळ होता म्हणून तो अज्ञात राहिला असे नाही. आपण त्याच्या महिन्यांत घरी होतो. आज लक्षद्वीपमधले पिट्टी हे समुद्रपक्ष्यांचे बेट अभयारण्य आहे, त्याचे क्षेत्रफळ एक चौरस किलोमीटरचा जेमतेम शंभरावा भाग भरेल. एवढ्याशा जागांवर हजारो पक्ष्यांचे भवितव्य अवलंबून असते. अशा एका खडकावर उंदीर पोचले, किंवा विणीच्या दिवसांत माणसांची वर्दळ झाली, तर नुकसान कळायलाही आपल्याकडे आधीची मोजदाद हवी.

इथे रायगडच्या शाळांना काही करता येईल. खडकावर जाणे धोक्याचे आहे आणि विणीच्या काळात ते करूही नये. पण समुद्र स्वतःच काही पत्रे आपल्या दारात टाकतो. ती तारीख घालून जपली पाहिजेत.

मेलेला पक्षी आढळला तर हात न लावता, शेजारी फूटपट्टी ठेवून वरून व बाजूने छायाचित्र घ्यावे. कपाळ, चोच, पंख आणि पाय स्पष्ट दिसावेत. तारीख, वेळ, गाव, भरती की ओहोटी, गेल्या दोन-तीन दिवसांतला वारा व पाऊस यांची नोंद करावी. ‘ई-बर्ड’सारख्या सार्वजनिक नोंदवहीत ती घालता येते. पक्षी जिवंत असेल तर त्याला पाण्यात सोडू नये, चोचीत पाणी ओतू नये, भाकरी भरवू नये. हातमोजे घालून, कापडात धरून, भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात व शांत जागी ठेवावा आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. मोठ्या बूबीची चोच धारदार असते, म्हणून मुलांना दूर ठेवावे. वन्य पक्षी घरी पाळणे कायद्याने गुन्हा आहे, हेही मुलांना सांगावे.

वर्षभरात एखाद्या शाळेच्या वहीत दोनच नोंदी होतील, कदाचित एकही नाही. पण रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या पंधरा-वीस शाळांनी दहा पावसाळे अशी वही चालवली, तर कोणती जात कोणत्या आठवड्यात येते, कोणत्या वाऱ्यानंतर येते, पिल्ले किती आणि प्रौढ किती, हे सांगता येईल. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या अंतरावर फेरी मारावी आणि काही सापडले नाही तर ‘काही नाही’ असेही तारखेसह लिहावे. शास्त्राला रिकाम्या दिवसाची नोंदही तितकीच लागते. ह्यूम फेब्रुवारीत पोचले कारण त्यांचे जहाज फेब्रुवारीत निघाले होते. आपली शाळा जूनमध्ये उघडते. या पक्ष्याच्या बाबतीत तरी आपले वेळापत्रक त्यांच्यापेक्षा चांगले आहे.